पृष्ठरक्षक आणि त्यांचे टीकाकार

ज्या कामाचें यश म्हणजे कांहींच न घडणें, त्या कामाची पारख कशी करावी, हा प्रश्न टीकाशास्त्रावरील ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. कवीची कविता समोर असते, नटाचा अभिनय डोळ्यांपुढें होतो, गवयाची तान कानीं पडते. त्यांचे गुणदोष दाखवितांना टीकाकारास निदान वस्तु तरी हातीं लागते. परंतु अमेरिकन फुटबॉल या खेळांत संरक्षक पक्षाच्या अगदीं पाठीमागच्या फळींत जे चार-पांच खेळाडू उभे असतात, त्यांनीं आपलें काम उत्तम केलें म्हणजे त्यांच्याकडे चेंडू येतच नाहीं, आणि चेंडू आला नाहीं म्हणजे प्रेक्षकांचें लक्षहि जात नाहीं. सर्वांची दृष्टि त्यांच्याकडे वळते ती बहुधा ते फसल्यावरच. असें असूनहि या खेळाडूंवर जितकी टीका होते तितकी, क्वार्टरबॅक वगळल्यास, त्या खेळांतील दुसऱ्या कोणावर होत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ही टीका करणारे बहुतेक सामान्य प्रेक्षक; पण त्यांचें बोलणें हा एक टीकाप्रकारच आहे. त्यास स्वतःची परिभाषा आहे, स्वतःचीं गृहीतें आहेत, आणि त्याच्या निवाड्यानें माणसांचीं नांवें चाळीस चाळीस वर्षें डागाळून राहतात. म्हणून वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत त्याचा विचार अप्रस्तुत होईल असें आम्ही मानीत नाहीं. शिवाय अमेरिकेंत स्थायिक झालेल्या कांहीं मराठी कुटुंबांतूनहि आतां हा खेळ रविवारीं आवडीनें पाहिला जातो, व त्यावर वादहि होतात. त्या वाचकांस तरी हा विषय परका वाटूं नये.

खेळाचा परिचय नसलेल्यांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. मैदान शंभर यार्ड लांब व सुमारें त्रेपन्न यार्ड रुंद. दोन्ही बाजूंस अकरा अकरा खेळाडू. चेंडू बाळगणाऱ्या पक्षानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें, न साधल्यास चेंडू गमवावयाचा. १९०६ सालीं चेंडू हातानें पुढें फेंकण्यास नियमानें परवानगी मिळाली, आणि तेव्हांपासून पाठीमागच्या फळीचें महत्त्व हळूहळू वाढत गेलें. फेंकणारा तो क्वार्टरबॅक, धांवत जाऊन झेलणारा तो रिसीव्हर, आणि झेलणाऱ्यास अडविण्याकरितां जे मागें उभे असतात त्यांस आम्ही येथें पृष्ठरक्षक म्हणूं. त्यांपैकीं कडेला उभे राहणारे ते कॉर्नरबॅक, आणि सर्वांच्या मागें, मैदानाच्या खोल भागावर नजर ठेवणारे ते सेफ्टी. आपण कोठें वळणार हें झेलणाऱ्यास ठाऊक असतें, रक्षकास नसतें. तो पुढें तोंड करून धांवतो. हा प्रथम उलट पावलीं धांवतो, मग कंबर वळवून त्याच्या बरोबरीनें. अडीच-तीन सेकंदांत निकाल लागतो. चेंडू हवेंत असतां झेलणाऱ्यास नियमबाह्य धक्का लागला तर दंड. आणि नॅशनल फुटबॉल लीगच्या नियमाप्रमाणें अपराध जेथें घडला तेथेंच चेंडू ठेवला जातो, म्हणजे हाताच्या एका चुकीनें चाळीस यार्डहि जातात. इतक्या प्रतिकूल अटींवर दुसरें कोणतेंहि काम पत्करावयास मनुष्य सहसा तयार होणार नाहीं.

आतां एक उदाहरण विस्तारानें घेऊं. कारण त्यांत या टीकेचा सारा स्वभाव उतरला आहे. १९८२ सालच्या जानेवारीच्या १० तारखेस सान फ्रान्सिस्को येथील कँडलस्टिक पार्क मैदानावर फोर्टीनाइनर्स व डॅलस काउबॉइज यांचा सामना होता. जिंकणारा संघ सुपर बोलच्या अंतिम सामन्यास जावयाचा. डॅलसकडे २७–२१ अशी आघाडी होती, एक मिनिटहि उरलें नव्हतें, आणि फोर्टीनाइनर्स गोलरेषेपासून सहा यार्डांवर येऊन ठेपले होते. जो मोंटाना यानें उजवीकडे धांवत, प्रतिपक्षाचे धिप्पाड रक्षक अंगावर येत असतां, चेंडू उंच फेंकला; ड्वाइट क्लार्क यानें उडी मारून तो बोटांच्या टोकांनीं झेलला; आणि सामना २८–२७ असा फिरला. हा झेल त्या देशांत नुसता ‘द कॅच’ या नांवानें ओळखला जातो, जणूं काय जगांत दुसरा झेल कधीं झालाच नाहीं. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचें छायाचित्र आलें. त्यांत वर क्लार्कचे ताणलेले हात आहेत, आणि त्याच्या पाठीमागें, हात पुढें करूनहि पोंचूं न शकलेला, एक तरुण आहे. तो एव्हर्सन वॉल्स.

वॉल्सची त्या दिवसापर्यंतची कहाणी छायाचित्र पाहणाऱ्या किती जणांस ठाऊक असते? खेळाडूंच्या वार्षिक निवडींत त्यास एकाहि संघानें घेतलें नव्हतें. चांचणीस येऊन त्यानें डॅलसच्या संघांत जागा मिळविली, आणि त्या पहिल्याच हंगामांत प्रतिपक्षानें फेंकलेले ११ चेंडू मध्येंच पकडून साऱ्या लीगमध्यें पहिला क्रमांक पटकाविला. इतकेंच नव्हे, तर त्याच दिवशीं, त्याच सामन्यांत, त्यानें मोंटानाचे दोन चेंडू पकडले होते आणि सांडलेला एक चेंडू उचलला होता. तेव्हां शेवटच्या मिनिटास डॅलसकडे जी आघाडी होती, तिचें पुष्कळसें श्रेय याच मुलाकडे जात होतें. परंतु छायाचित्रास आधींचीं एकूणसाठ मिनिटें दाखवितां येत नाहींत.

या गोष्टीचा उत्तरार्ध तर याहून बोलका आहे. क्लार्कच्या झेलानें सामना संपला नव्हता. पन्नासएक सेकंद बाकी होते. डॅलसच्या ड्रू पिअर्सन यानें लगेच मैदानाच्या मध्यभागीं एक लांब चेंडू झेलला, आणि तो मोकळा सुटण्याच्या बेतांत असतां फोर्टीनाइनर्सचा कॉर्नरबॅक एरिक राइट यानें मागून एका हातानें मानेजवळचा सदरा धरून त्यास खालीं ओढलें. तो हात निसटता, तर ‘द कॅच’ हें नांव कोणाच्या तोंडीं राहतें ना, आणि भिंतींवर टांगलेलें छायाचित्रहि निराळेंच असतें. त्यानंतर डॅलसच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटला व खेळ आटोपला. एका पृष्ठरक्षकाचा हात पोंचला नाहीं, तो अजरामर झाला. दुसऱ्याचा पोंचला, तो जाणकारांपुरता राहिला. अशा वेळीं शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आठवते. भाताची परीक्षा शितावरून होते खरी, कारण एका भांड्यांतलीं सारीं शितें एकाच आंचेवर शिजलेलीं असतात. खेळाचे क्षण तसे नसतात.

वॉल्स पुढें आणखी दोन हंगामांत, १९८२ व १९८५ सालीं, चेंडू पकडण्यांत लीगमध्यें पहिला आला. त्याच्या नांवावर एकूण ५७ असे चेंडू आहेत. १९९१ च्या जानेवारींत न्यूयॉर्क जायंट्सकडून त्यानें सुपर बोल जिंकला. २०१८ सालीं कीर्तिमंदिराच्या अंतिम यादींत त्याचें नांव आलें, पण निवड झाली नाहीं. २००७ सालीं आपला जुना सहखेळाडू रॉन स्प्रिंग्ज यास त्यानें स्वतःचें मूत्रपिंड दिलें, ही गोष्ट खेळाच्या टीकेंत बसत नाहीं. तरी ती येथें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

या टीकेची परिभाषाहि पाहण्यासारखी आहे. पृष्ठरक्षक फसला म्हणजे तो ‘जळाला’ असें प्रेक्षक म्हणतात. वारंवार जळणाऱ्यास ‘टोस्ट’ म्हणतात, म्हणजे करपलेला पाव. आणि १९८० च्या दशकांत जायंट्सकडून खेळणाऱ्या एल्व्हिस पॅटर्सन या कॉर्नरबॅकच्या नांवामागें ही पदवी कायमचीच चिकटली, जरी तो १९८६ च्या हंगामांतील विजयी संघांत होता. रँडी मॉस या उंच रिसीव्हरनें रक्षकांच्या डोक्यावरून इतके चेंडू उचलले कीं त्याच्या आडनांवाचें क्रियापदच झालें. कोणाच्याहि डोक्यावरून झेल गेला कीं त्याचा ‘मॉस झाला’ असें म्हणावयाचें. उलट स्तुतीचे शब्द पाहा. डॅरेल रीव्हिस हा २००९ च्या सुमारास न्यूयॉर्क जेट्सकडून खेळत असतां त्याच्या बाजूस ‘रीव्हिसचें बेट’ म्हणत. म्हणजे त्याच्या वाट्यास आलेला रिसीव्हर जणूं निर्जन बेटावर जाऊन पडला, पुन्हा दिसावयाचा नाहीं. डेन्व्हरच्या २०१५ च्या फळीस ‘उड्डाणबंदीचा प्रदेश’ म्हणत. निंदेची भाषा अशी आगीची, आणि स्तुतीची भाषा ओसाड जागेची. हें शब्द बनविणाऱ्या प्रेक्षकांस कवित्व नाहीं असें कोण म्हणेल? आणि त्यांतली दुसरी प्रतिमा पहिलीपेक्षां किती तरी खरी आहे, कारण उत्तम पृष्ठरक्षकाचें काम खरोखरच ओसाड जागा निर्माण करण्याचें असतें. परंतु आग लांबून दिसते, आणि ओसाडी पाहावयास कोणी जात नाहीं. आमच्या छापखान्यांतला मुद्रितशोधक याच राशीचा. हजार चुका त्यानें काढल्या तरी वाचकास त्याचें अस्तित्व कळत नाहीं. एक राहिली कीं संपादकांकडे पत्र येतें.

प्रेक्षक अन्याय करतात तो दुष्टपणानें करतात असें मात्र नाहीं. त्यांस दिसतच नाहीं. दूरदर्शनचा कॅमेरा चेंडूच्या मागें असतो. खेळ सुरू होतांना फळीजवळचे खेळाडू चौकटींत असतात आणि वीस यार्ड मागें उभे असलेले सेफ्टी बहुधा चौकटीबाहेर. चेंडू उडाल्यावर कॅमेरा वळतो, आणि तो स्थिर होतो तोंवर झेल झालेला असतो. मग पडद्यावर झेलणारा व त्याच्या जवळचा एक रक्षक असे दोघेच उरतात. जवळ आहे तो गुन्हेगार, हा निवाडा तेथल्या तेथें होतो. परंतु पुष्कळ वेळां संघ माणसामागें माणूस लावीत नाहींत. मैदानाचे भाग पाडून प्रत्येकास एकेक भाग देतात, व रिसीव्हर एका भागांतून दुसऱ्यांत गेला कीं पहिला रक्षक त्यास पुढच्याच्या स्वाधीन करतो. ही देवघेव कोठें चुकली हें जवळ कोण दिसतो यावरून मुळींच कळत नाहीं. ज्याचा भाग होता तो भलतीकडेच राहिला, आणि ज्याचा नव्हता तो बिचारा धोका ओळखून धांवत आला, म्हणूनच तो चित्रांत सांपडला, असें नेहमीं घडतें. चोर सोडून संन्याशाला सुळी देणें ज्यास म्हणतात तें हेंच. बावीसहि खेळाडू एकदम दिसतील असें चित्रण पूर्वीं फक्त संघांच्या शिक्षकांपाशीं असे. २०१२ पासून लीगनें तें वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकांसहि खुलें केलें. त्या दिवसापासून या टीकेंत दोन पंथ पडले आहेत. एक पंथ सोमवारीं सकाळीं चित्रण पुन्हा पुन्हा पाहून मग बोलतो. दुसऱ्याचें उचलली जीभ लावली टाळ्याला असें चालूच आहे. पहिल्या पंथांतील कांहीं लेखन इतकें बारकाईचें असतें कीं आमच्याकडील पुष्कळ ग्रंथपरीक्षकांनीं तें पाहून पुस्तक निदान दोनदां वाचण्याची संवय लावून घ्यावी. तथापि त्यांसहि एक गोष्ट दिसत नाहीं: रक्षकास त्या वेळीं आज्ञा काय होती. ती मैदानावरच्या अकरा जणांस व त्यांच्या शिक्षकांस ठाऊक असते.

आंकड्यांनीं हा प्रश्न सुटेल अशी पुष्कळांची समजूत आहे. रक्षकानें किती चेंडू मध्यें पकडले हा जुना व सर्वमान्य आंकडा. त्याची गंमत पाहावयाची तर नाम्दी असोमुआ याचें उदाहरण घ्यावें. ओकलंड रेडर्सकडून खेळतांना त्यानें २००६ सालीं आठ चेंडू पकडले. पुढच्या चार हंगामांत मिळून किती? तीन. आंकडाच पाहणाऱ्यास वाटेल कीं मनुष्य उतरणीस लागला. वस्तुतः याच काळांत तो देशांतील पहिल्या दोन-तीन कॉर्नरबॅकांत गणला जाऊं लागला, आणि २००८ व २०१० या वर्षीं लीगच्या सर्वोत्तम संघांत त्याची निवड झाली. आठ चेंडू पकडले गेल्यावर प्रतिपक्षानें त्याच्या बाजूस चेंडू फेंकणेंच जवळजवळ सोडून दिलें होतें. कीर्ति वाढली तसा पुरावा नाहींसा झाला!

२०११ सालीं फिलाडेल्फिया ईगल्सनें त्यास पांच वर्षांच्या, सहा कोटि डॉलरच्या कराराचें आमिष दाखवून नेलें. तेथें गोष्ट बिघडली. ओकलंडला तो बहुतेक मैदानाच्या एकाच बाजूस उभा राहून समोरच्या माणसास प्रारंभींच हातांनीं रोखीत असे. फिलाडेल्फियांत त्यास कधीं येथें तर कधीं तेथें उभें केलें, आणि माणसाऐवजीं भाग राखावयास दिला. संघाचे त्या वर्षीं आठ विजय व आठ पराजय झाले, पुढच्या वर्षीं चार विजय व बारा पराजय. आणि २०१३ च्या मार्चमध्यें त्यास काढून टाकलें. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक जहाल म्हणून प्रसिद्धच आहेत. त्यांनीं असोमुआस पैशासाठीं आलेला, थकलेला, फसवा असें सर्व कांहीं म्हटलें. वय व वेग यांचा कांहीं भाग या पडतींत असेल, नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तो तिशीस आला होता. परंतु सतारियास आणून मृदंगावर बसविलें आणि बोल नीट निघत नाहींत म्हणून त्याच्या हातांस दोष दिला, असाच हा कांहींसा प्रकार होता. शिक्षकाची योजना प्रेक्षकांस दिसली नाहीं; पगार मात्र वर्तमानपत्रांत छापून आला होता.

याच्या उलट बाजूचें उदाहरण डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्ज याचें. त्यानें २०२१ सालीं ११ चेंडू पकडले, म्हणजे वॉल्सच्या १९८१ च्या आंकड्याशीं बरोबरी केली. मधल्या चाळीस वर्षांत लीगमध्यें कोणासहि हें साधलें नव्हतें. पण खासगी विश्लेषकांच्या गणतीप्रमाणें त्याच हंगामांत त्याच्या राखणींतून प्रतिपक्षास हजाराहून अधिक यार्ड मिळाले. तो चेंडूवर झडप घालीत असे. साधली तर चेंडू हातीं, हुकली तर रिसीव्हर मोकळा. यावर जो वाद झाला तो आम्हांस या साऱ्या टीकाप्रकारांत उत्कृष्ट वाटतो. कारण येथें प्रेक्षक एका माणसास शिव्या देणें सोडून मूल्यांविषयीं बोलूं लागले. एक चेंडू पकडण्याचें मोल किती यार्ड? धाडस हा गुण कोणत्या किंमतीपर्यंत गुण राहतो? सावध पण निष्फळ रक्षक बरा, कीं उधळ्या पण फलदायी? रसिकांचे असेच दोन तट कवींच्या बाबतींतहि पडतात. निर्दोष पण कोमट कविता लिहिणारा एकीकडे, आणि शंभरांत दहा ओळी अपूर्व व बाकीच्या भरताड लिहिणारा दुसरीकडे. आमचा कौल विचाराल तर डिग्जच्या बाजूनें आहे. पण ज्यांच्या संघास ते हजार यार्ड भोंवले त्यांनीं आमचें ऐकावें असा आमचा आग्रह नाहीं.

नियमांचा विचार तर प्रेक्षकांच्या टीकेंत फारच क्वचित् येतो. १९७० च्या दशकांत पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट हा कॉर्नरबॅक रिसीव्हरांस सबंध मैदानभर धक्के देत, अडवीत नेई, आणि तें नियमांत बसत असे. १९७८ सालीं लीगनें नियम बदलून पहिल्या पांच यार्डांपलीकडे असा स्पर्श निषिद्ध केला. लोक त्यास ब्लाउंटचाच नियम म्हणतात. २००४ पासून त्याची अंमलबजावणी अधिक कडक झाली. परिणाम असा कीं १९७७ सालीं शेंकडा ५१ च्या आसपास चेंडू झेलले जात, ते अलीकडे शेंकडा ६४-६५ झेलले जातात. तीनांपैकीं जवळजवळ दोन चेंडू झेलले जाणारच, अशी रचना लीगनें बुद्धिपुरःसर केली आहे, कारण प्रेक्षकांस झेल आवडतात. मग तेच प्रेक्षक झेल झाला म्हणून रक्षकास फाडून खातात! हा विरोध त्यांच्या ध्यानींहि येत नाहीं.

हा सर्व प्रकार हंसण्यावारी नेतां आला असता, पण त्यांत माणसें भरडलीं जातात. २०१३ च्या जानेवारीच्या १२ तारखेस डेन्व्हर येथें कडाक्याच्या थंडींत ब्रॉन्कोज व बाल्टिमोर रेव्हन्स यांचा सामना चालू असतां, डेन्व्हरकडे ३५–२८ अशी आघाडी होती व मिनिटभरहि राहिलें नव्हतें. बाल्टिमोरच्या जो फ्लॅको यानें लांब चेंडू फेंकला. सेफ्टी रहीम मूर याचा अंदाज चुकला; त्याची उडी अवेळीं पडली, चेंडू डोक्यावरून गेला, आणि जॅकोबी जोन्स यानें सत्तर यार्डांचा डाव पुरा करून बरोबरी साधली. जादा वेळेंत डेन्व्हर ३८–३५ असें हरलें. मूरची चूक खरी होती, मोठी होती, आणि ती त्यानें स्वतः पत्करली. परंतु त्याच सामन्यांत चँप बेली, ज्याची पुढें कीर्तिमंदिरांत निवड झाली, त्याच्या डोक्यावरून बाल्टिमोरनें दोन डाव साधले होते. आणि जादा वेळेंत जो चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जाऊन पराजय ओढवला तो थोर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यानें फेंकलेला होता. बेली व मॅनिंग यांच्या नांवावर पूर्वपुण्याई जमा होती, तींतून तें कर्ज फिटलें. मूर तेव्हां अवघा बावीस वर्षांचा. त्याच्या खात्यावर कांहींच नव्हतें. लोकांच्या स्मृतींत तो सामना त्याच्या एकट्याच्या नांवें नोंदला गेला.

पुढें पांच वर्षांनीं, २०१८ च्या जानेवारीच्या १४ तारखेस, मिनिआपोलिस येथें असेंच झालें. न्यू ऑर्लीन्स सेंट्स एका गुणानें पुढें होते. शेवटच्या क्षणीं स्टेफॉन डिग्ज, वर सांगितलेल्या ट्रेव्हॉनचा वडील भाऊ, यानें कडेजवळ चेंडू झेलला. त्यास मैदानाच्या आंत नुसतें धरून पाडलें असतें तरी वेळ संपली असती. नवखा सेफ्टी मार्कस विल्यम्स मान खालीं घालून झेंपावला, डिग्जला चुकला, आपल्याच सहखेळाडूस धडकला, आणि डिग्ज ६१ यार्डांचा डाव पुरा करून गेला. विल्यम्सनेंहि त्याच दिवशीं आधीं एक चेंडू पकडला होता, हें सांगावयास नकोच. त्याचा झेंप घेण्याचा क्षण अनेकांनीं मूर्खपणाचा ठरविला. पण क्षणभर आधीं धक्का लागला असता तर दंड होऊन प्रतिपक्षास सहज गुण मिळतील अशा जागीं चेंडू गेला असता. हा विचार त्याच्या मनांत होता कीं काय हें आम्हांस सांगतां येणार नाहीं, पण टीका करणाऱ्याच्या मनांत तो असावयास हवा होता. सामन्यानंतर त्यानें पत्रकारांपुढें उभें राहून दोष आपला म्हणून सांगितलें. पुढें तो त्याच संघाकडून २०२१ पर्यंत चांगलें नांव मिळवून खेळला.

प्रेक्षकांस टीकेचा अधिकार नाहीं, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याचा संघ हरला त्याचें दुःख खरें असतें, आणि दुःखास नांव लागतें. अकरा जणांची योजना, शिक्षकाची आज्ञा, १९७८ चा नियम या गोष्टींवर मनुष्य रागावूं शकत नाहीं. शिवाय कित्येकदां त्यांचा निवाडा बरोबरहि असतो. २०२३ च्या फेब्रुवारींत सुपर बोलच्या सामन्यांत ३५–३५ अशी बरोबरी असतां, दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असतां, फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबेरीवर रिसीव्हरला धरल्याचा आरोप ठेवून पंचांनीं दंड दिला आणि कॅन्सस सिटी ३८–३५ असें जिंकलें. अर्धा देश पंचांवर तुटून पडला. ब्रॅडबेरीनें मात्र सामन्यानंतर सरळ सांगितलें कीं आपण सदरा ओढला होता, पंच तें सोडून देतील अशी आशा होती. त्या वर्षीं तो लीगमधील नांवाजलेल्या कॉर्नरबॅकांपैकीं होता. ज्या क्षेत्रांत टीकाकार इतके बोलघेवडे, त्यांत टीकेचा विषय झालेला माणूसच इतकें नेमकें बोलला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

दैवाचा भाग किती, हें पाहावयाचें तर माल्कम बटलर याच्याकडे वळावें. २०१५ च्या फेब्रुवारीच्या १ तारखेस न्यू इंग्लंड पॅट्रिअट्सकडून सुपर बोलमध्यें तो खेळत होता. वॉल्सप्रमाणेंच निवडींत कोणीं न घेतलेला, पहिल्याच वर्षाचा. सामना संपावयास मिनिटभर असतां सिएटलचा जर्मेन कर्स याच्यावरील लांब चेंडू बटलरनें बरोबर उडी मारून उडविला. रक्षणांत कांहींहि उणें नव्हतें. पण चेंडू पडलेल्या कर्सच्या पायांवर, हातांवर उसळत उसळत अखेर त्याच्याच हातांत गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ! तेथेंच सिएटल जिंकतें तर बटलर हा दुसरा वॉल्स झाला असता. दोन डावांनंतर, गोलरेषेपासून एका यार्डावर, त्यानें फेंक ओळखली, झेंप घेतली आणि चेंडू पकडला. पॅट्रिअट्स २८–२४ असे जिंकले. त्या डावांत ब्रँडन ब्राउनर या दुसऱ्या कॉर्नरबॅकनें समोरच्या रिसीव्हरास जागींच रोखून धरलें, म्हणून बटलरला वाट मोकळी मिळाली. तें नांव फारच थोड्यांच्या तोंडीं आहे. आणि प्रेक्षकांची चर्चा दुसऱ्या दिवसापासून आजवर कशाविषयीं चालली आहे? सिएटलच्या शिक्षकानें चेंडू फेंकावयास कां सांगितलें, धांवणाऱ्या मार्शॉन लिंचच्या हातीं कां दिला नाहीं, याविषयीं. एका पृष्ठरक्षकाचा सर्वोत्तम डावहि प्रतिपक्षाच्या मूर्खपणाच्या खात्यावर मांडला गेला.

तीन वर्षांनीं, २०१८ च्या फेब्रुवारीच्या ४ तारखेस, पॅट्रिअट्स पुन्हा सुपर बोलला आले, आणि सबंध हंगामभर जवळजवळ प्रत्येक डावांत मैदानावर असलेल्या बटलरला शिक्षक बिल बेलिचिक यानें त्या दिवशीं संरक्षणाच्या एकाहि डावांत उतरविलें नाहीं. राष्ट्रगीताच्या वेळीं त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. कॅमेऱ्यानें तेवढें मात्र नीट टिपलें. फिलाडेल्फियाच्या निक फोल्सनें ३७३ यार्ड फेंक केली, आणि पॅट्रिअट्स ४१–३३ असे हरले. बेलिचिकनें संघाच्या हिताचें तें केलें, याहून अधिक खुलासा केला नाहीं. न्यू इंग्लंडचे प्रेक्षक, ज्यांतल्या कित्येकांनीं त्या हंगामांत बटलरच्या प्रत्येक फसलेल्या डावाचा हिशेब ठेविला होता, ते त्या रात्रीपासून एकच प्रश्न विचारीत आले आहेत, कीं तो मैदानावर कां नव्हता.